कलाव्रिता: एका डोंगरी शहराचा ताबा, सूड आणि सावरणं

पार्श्वभूमी

ग्रीसच्या दक्षिण टोकाला पेलोपोनीज हा मोठा द्वीपकल्प आहे. त्याच्या उत्तरेकडच्या आखाइया भागात, खेल्मोस पर्वताच्या पायथ्याशी, साधारण 750 मीटर उंचीवर कलाव्रिता वसलं आहे. खाली कोरिंथच्या आखाताकाठी दियाकोफ्तो नावाचं गाव आहे. तिथून व्हुराइकोस नदीच्या घळीतून 22 किलोमीटरचा अरुंद लोहमार्ग वर येतो. चढ इतका खडा की काही टप्प्यांवर इंजिनाचं दातेरी चाक रुळांमधल्या दातेरी पट्टीत बसवावं लागतं. 1896 मध्ये ही गाडी सुरू झाली आणि डोंगरातल्या या गावाचा समुद्राशी रोजचा संबंध जुळला.

आकाराने लहान असलं तरी ग्रीकांच्या मनात या गावाचं स्थान मोठं आहे. जवळच्या आया लाव्रा मठात 1821 मध्ये पात्रासच्या धर्माध्यक्षाने तुर्की सत्तेविरुद्धच्या उठावाचं निशाण उभारलं, अशी परंपरा आहे. इतिहासकार या प्रसंगाच्या तारखेबद्दल आणि तपशिलाबद्दल वाद घालतात. पण शाळेत शिकलेल्या प्रत्येक ग्रीक मुलाला कलाव्रिता हे नाव ठाऊक असतं. पुढे जे घडलं त्याची देशभर इतकी आठवण का राहिली, याचं एक कारण इथे आहे.

एप्रिल 1941 मध्ये जर्मनीने ग्रीस जिंकला आणि देशाचे तीन वाटे झाले. मोक्याच्या जागा जर्मनांनी ठेवल्या, ईशान्येचा पट्टा बल्गेरियाला मिळाला, आणि पेलोपोनीजसह बराचसा भाग इटालियनांकडे गेला. पहिल्याच हिवाळ्यात अथेन्ससारख्या शहरांत माणसं रस्त्यावर उपासमारीने मेली. ताब्याच्या काळात भुकेने मेलेल्यांचा अंदाज तीन लाखांपर्यंत जातो. सप्टेंबर 1941 मध्ये डाव्या पुढाकाराने एआम ही प्रतिकार आघाडी उभी राहिली. पुढच्या वर्षी एलास हे तिचं सशस्त्र दल डोंगरांत उतरलं.

सप्टेंबर 1943 मध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि पेलोपोनीजचा कारभार पूर्णपणे जर्मनांच्या हातात आला. तिथे आलेल्या 117व्या येगर (हलक्या पायदळाच्या) डिव्हिजनचा प्रमुख होता कार्ल फॉन ल सुइर. ही डिव्हिजन नव्या नावाची, पण जुन्या माणसांची. आधी ती 717वी पायदळ डिव्हिजन होती, आणि ऑक्टोबर 1941 मध्ये सर्बियातल्या क्राल्येवोमध्ये ओलिसांच्या सामूहिक हत्यांत तिचे सैनिक सामील होते. त्याआधी महिनाभर, 16 सप्टेंबर 1941 रोजी, जर्मन सर्वोच्च लष्करी मुख्यालयाचा प्रमुख फील्ड मार्शल कायटेल याचा आदेश निघाला होता: एका जर्मन सैनिकाच्या जिवाला पन्नास ते शंभर ‘कम्युनिस्टांचा’ जीव. कलाव्रितात येण्याआधीच ही पद्धत या तुकडीच्या अंगवळणी पडली होती. पुढचे सगळे निर्णय वाचताना हे लक्षात ठेवायला हवं.

या लेखात सामान्य रहिवाशांची नावं मुद्दाम टाळली आहेत. सार्वजनिक नोंदीतली माणसं तेवढी नावाने येतात.

पेच कसा तयार झाला

ऑक्टोबर 1943 च्या मध्यावर डिव्हिजनची एक कंपनी टेहळणीसाठी कलाव्रिताच्या दिशेने डोंगरात शिरली. केर्पिनी गावाजवळ एलासच्या लोकांनी तिला घेरलं. काही सैनिक मेले आणि ऐंशीच्या आसपास पकडले गेले. त्या भागातल्या गनिमांना, म्हणजे गनिमी काव्याने लढणाऱ्या या ग्रीकांना, इतका मोठा जर्मन गट जिवंत हाती लागणं ही अनपेक्षित गोष्ट होती, आणि त्यांचं करायचं काय हा प्रश्नही तितकाच अनपेक्षित होता.

ऐंशी कैदी डोंगरात सांभाळायचे म्हणजे अन्न, पहारा आणि हिवाळ्याचा निवारा. गनिमांच्या स्वतःच्याच जेवणाची मारामार होती. कैद्यांच्या बदल्यात जर्मनांच्या तुरुंगातले ग्रीक सोडवता येतील, हा सरळ विचार होता. त्यासाठी बोलणी सुरूही झाली. चर्चच्या माणसांनी मध्यस्थी केली, निरोप गेले-आले. पण दोन्ही बाजूंचा परस्परांवर काडीचा विश्वास नव्हता आणि आठवडे नुसते सरत गेले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जर्मनांनी बोलण्यांची वाट सोडली. पात्रास, एयिओ, त्रिपोली अशा वेगवेगळ्या दिशांनी तुकड्या कलाव्रिताकडे निघाल्या. मोहिमेला नावच ‘कलाव्रिता’ दिलं होतं. कैद्यांची सुटका आणि गनिमांचा वेढा असा सांगितलेला हेतू. फास आवळतोय असं दिसल्यावर एलासने कैद्यांना डोंगरात नेऊन मारलं. ही गोष्ट कळल्यावर फॉन ल सुइरकडून सूडाचे आदेश सुटले.

या क्रमावर ग्रीसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला. युद्धानंतर उजव्या बाजूचं म्हणणं असं की गनिमांनी कैदी मारले नसते तर गाव वाचलं असतं. डावे म्हणाले, मारणारे जर्मन, दोष त्यांचा. तारखा समोर ठेवल्या तर दोन गोष्टी दिसतात. मोहीम कैद्यांच्या हत्येच्या आधी निघाली होती. आणि कैद्यांच्या हत्येने तिचं स्वरूप फार भीषण झालं. यातली एक गोष्ट सांगून दुसरी झाकणारा जो कोणी असेल, तो इतिहासापेक्षा निवडणुकीचा विचार करतोय असं मी समजतो.

कोणापुढे कोणते पर्याय होते

गनिमांपुढे तीन होते. कैदी सोडून देणं, त्यांना घेऊन आणखी आत सरकणं, किंवा मारणं. सोडण्यात आपल्याच लोकांत नामुष्की होती. आत सरकायचं तर डिसेंबरात, बर्फाच्या तोंडावर, पहाऱ्याखाली ऐंशी माणसं हाकायची. तरीही हा पर्याय अशक्य नव्हता, आणि मारल्यावर किंमत कोण मोजणार हे एलासच्या वरिष्ठांना कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही. 1943 च्या अखेरीस ग्रीसभर जळालेल्या गावांची यादी लांब झाली होती. मारून झाल्यावर गनिमांनी त्या भागातून माघार घेतली आणि शहर राखायला कोणी उरलं नाही. सैनिकी दृष्टीने माघार शहाणपणाची होती. पण शहर रिकामं करायला लोकांना वेळेवर, ठामपणे सांगणं हे वेगळं काम होतं. या प्रकरणात गनिमांकडून राहिलेलं ते सर्वांत मोठं काम.

डिव्हिजनपुढचे पर्याय लोक सहसा मोजत नाहीत, जणू सूड हा पावसासारखा आपोआप पडणार होता. ते चूक आहे. कायटेलच्या आदेशाची चौकट होती, पण जागा, वेळ, कोणाला धरायचं, किती जणांना, हे स्थानिक कमांडर ठरवत होता. ग्रीसमध्येच इतर ठिकाणी सूड-कारवाया कमी-जास्त तीव्रतेने झाल्या. एका संपूर्ण शहरातले मुलगे आणि पुरुष वेचून मारायचे, हे फॉन ल सुइरच्या डिव्हिजनने ठरवलं. ते ठरलेलं नशीब नव्हतं.

आणि शहरातले लोक. त्यांच्यापुढचा प्रश्न ऐकायला सोपा होता: पळायचं की थांबायचं? जर्मन जवळ येताहेत हे कळल्यावर बरेच पुरुष डोंगरात गेले. 8 डिसेंबरला तुकड्यांनी वाटेवरची रोगी, केर्पिनी, झाखलोरू ही गावं जाळली, तिथले पुरुष गोळ्या घालून मारले. मेगा स्पिलेओ या प्राचीन मठातही रक्त सांडलं. 9 तारखेला जर्मन कलाव्रितात शिरले. आणि मग, गोळ्या न झाडता, त्यांनी धीर दिला. आम्हाला फक्त गनीम हवेत, शांत राहा, घरी परता. गनिमांशी संबंध असलेल्यांची घरं जाळली आणि मेलेल्या जर्मनांचा माग काढला. शहराच्या उरलेल्या भागाला त्यांनी हात लावला नाही. चार दिवस असे गेले. जनावरं गोळा केली जात होती आणि एकूण आवराआवर पाहता ते निघणार असंच वाटत होतं.

डोंगरात गेलेल्यांपैकी कित्येक या चार दिवसांत परतले. आज ते वाचताना आपल्याला ओरडावंसं वाटतं. पण त्यांच्या जागी उभं राहून पाहा. बाहेर थंडी, खाली बायकामुलं एकटी, आणि पळालेला पुरुष म्हणजे गनीम असा जर्मनांचा सरळ हिशेब. घरी असणं हाच निर्दोष असल्याचा पुरावा वाटत होता. शिवाय जर्मनांनी नेमके गनिमांच्याच घरांना आग लावली, म्हणजे ते निवड करताहेत, सरसकट मारत नाहीत, असा निष्कर्ष कोणीही काढला असता. चुकीच्या माहितीवर काढलेला तो अगदी तर्कशुद्ध निष्कर्ष होता. ती माहिती चुकीची ठेवणं हा मोहिमेचाच भाग होता.

13 डिसेंबर 1943

सोमवार होता. पहाटे चर्चच्या घंटा वाजल्या. सर्वांनी एक घोंगडं आणि एका दिवसाचं जेवण घेऊन प्राथमिक शाळेत जमावं, असा हुकूम फिरला. घोंगडं आणि जेवण यामुळे प्रवासाचा भास झाला. मरायला नेताना शिदोरी कोण घ्यायला सांगेल?

शाळेत आल्यावर वेगळं केलं गेलं. बायका, मुली आणि लहान मुलं आत. तेरा-चौदा वर्षांपुढचे मुलगे आणि सगळे पुरुष बाहेर. किती उंचीच्या मुलाला कुठे ढकलायचं, हे दारावरचा सैनिक नजरेने ठरवत होता. या एका क्षणाने कित्येक आयांचं पुढचं आयुष्य ठरवलं. ज्यांचा मुलगा वयाने लहान पण अंगाने थोराड होता, त्या शेवटपर्यंत याच दाराशी अडकून राहिल्या.

पुरुषांना गावाबाहेरच्या कापी टेकडीवर नेलं. ही जागा खोलगट, एका बाजूने उतरती आहे. तिथून पळायला वाट नाही आणि खाली गाव स्पष्ट दिसतं. मारणार नाही असा शब्द एका अधिकाऱ्याने दिल्याचं वाचलेल्यांनी सांगितलं आहे. गाव पेटताना ते वरून पाहत होते. मग खालून इशाऱ्याचा गोळा आकाशात उडाला आणि मशीनगन सुरू झाल्या. मृतदेहांखाली दबलेले 13 जण वाचले. शहरातल्या मृतांची संख्या पाचशेच्या घरात जाते. जर्मनांच्या अहवालात संपूर्ण मोहिमेचा आकडा 696 आहे.

शाळेतल्या बायकामुलांनी धूर पाहिला, कारण शाळेलाही आग लागली होती. त्या बाहेर कशा पडल्या? सर्वांना आवडणारी कथा अशी की एका ऑस्ट्रियन सैनिकाला दया आली, त्याने दार उघडलं आणि त्याची शिक्षा म्हणून त्याला मारलं गेलं. ही कथा पन्नास वर्षं सांगितली गेली. साक्षी मात्र एकमेकींशी जुळत नाहीत. काहींना दार उघडं मिळालं, काहींनी रेटून फोडल्याचं सांगितलं, काही खिडकीतून निसटल्या. त्या सैनिकाचा कागदोपत्री माग इतिहासकारांना लागलेला नाही. युद्धानंतर जर्मन भाषकांशी पुन्हा बोलायची वेळ आली तेव्हा ‘त्यातही एक चांगला होता’ ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या फार उपयोगाची ठरली, असं मला वाटतं. खरी असो वा नसो, कलाव्रिताच्या बायका कोणाच्या दयेने वाचल्या असं सांगताना त्यांनी दार रेटलं ही शक्यता बाजूला पडते.

14 डिसेंबरला जर्मनांनी आया लाव्राचा मठ जाळला आणि ते निघून गेले.

पहिला हिवाळा

सावरण्याची सुरुवात दफनापासून झाली. टेकडीवर नवरे, मुलगे, भाऊ, सासरे पडले होते. पुरायला पुरुष नव्हते, धर्मगुरू मारले गेले होते, अवजारं घरांबरोबर जळाली होती. जमीन गोठलेली. बायकांनी हाताला लागेल त्याने आणि प्रसंगी नखांनी खणलं. मृतदेह घोंगड्यांवर ओढत खाली आणले. हे काही दिवस चाललं. तोपर्यंत कुत्र्यांपासून राखायला रात्री कोणीतरी तिथे बसत असे.

दुसरा निर्णय मुक्कामाचा. जवळपास सगळं शहर जळालं होतं. खाली किनाऱ्याकडे नातेवाईक असलेल्या काही जणी मुलांना घेऊन गेल्या. बऱ्याच जणी थांबल्या. भिंतींना टेकून पत्रे, फांद्या, दगड लावून आडोसे केले. बाहेरून पाहणाऱ्याला हा हट्ट वाटेल. पण जमीन, जैतुनाची किंवा अक्रोडाची चार झाडं, उरलंसुरलं जनावर, आणि टेकडीवरच्या कबरी, एवढीच मालमत्ता शिल्लक होती, आणि ती सोडून गेलं की तीही जाणार होती. रेड क्रॉसची मदत पोहोचली तेव्हा यादी करायला, वाटप करायला, भांडणं मिटवायला गावात बायकाच होत्या. त्यांनी नांगर धरला, चुना कालवला, कोर्टात वारसाच्या अर्जांवर अंगठे दिले. त्या समाजात याआधी या कामांना बाईचा हात लागत नसे. पण याला मुक्ती वगैरे म्हणू नये. बहुतेकींनी आयुष्यभर काळे कपडे उतरवले नाहीत, आणि वडील नसलेल्या घरात सर्वांत मोठ्या मुलाची शाळा सुटली.

1944 च्या शरद ऋतूत जर्मन ग्रीसमधून निघाले. ब्रिटिशांबरोबर चौथी भारतीय डिव्हिजन आली आणि तिची एक ब्रिगेड पात्रासला होती. कलाव्रितापासून दिवसभराच्या अंतरावर भारतीय शिपाई पहारा देत होते, ही आपल्याकडे क्वचितच सांगितली जाणारी गोष्ट. मात्र शांतता आली नाही. डिसेंबरात अथेन्समध्ये एलास आणि ब्रिटिश-सरकारी फौजा भिडल्या. 1946 पासून 1949 पर्यंत उघड गृहयुद्ध चाललं. एप्रिल 1948 मध्ये डाव्या बंडखोरांनी कलाव्रितावर हल्ला करून ते काही काळ हाती घेतलं. पुन्हा उभ्या राहत असलेल्या भिंतींमध्ये पुन्हा गोळीबार. आणि हे जर्मन नव्हते, आपलेच होते.

गृहयुद्धाचा खोल परिणाम आठवणीवर झाला. जिंकलेल्या बाजूला एलासच्या लोकांना वीर म्हणायचं नव्हतं. त्यामुळे बळींचं स्मरण अधिकृत झालं, पण प्रतिकाराचा भाग कुजबुजीत गेला. राज्याने राष्ट्रीय प्रतिकाराला कायद्याने मान्यता दिली ती 1982 मध्ये. म्हणजे कलाव्रिताच्या विधवेला जवळपास चाळीस वर्षं आपल्या दुःखाची अर्धीच गोष्ट चौकात सांगता येत होती.

मुलगा जर्मनीला पाठवायचा का

या प्रकरणातला मला सर्वांत कठीण वाटणारा निर्णय 1950 च्या दशकातला आहे. जर्मनीतल्या गटिंगनहून एरेनगार्ड श्राम नावाच्या बाई कलाव्रितात आल्या. त्यांचे पती पेर्सी एर्न्स्ट श्राम हे नामवंत इतिहासकार, आणि युद्धाच्या शेवटच्या वर्षांत जर्मन सर्वोच्च लष्करी मुख्यालयाची युद्ध-रोजनिशी त्यांच्याच हातात होती. म्हणजे ज्या यंत्रणेचं दप्तर नवऱ्याने लिहिलं तिच्या बळींच्या दारात बायको उभी. बाईंनी पाहिलं, ऐकून घेतलं आणि एक ठोस प्रस्ताव ठेवला: अनाथ मुलांनी जर्मनीत येऊन हाताचं कसब शिकावं. शिकाऊ म्हणून कारखान्यात राहावं, पगार मिळवावा, परत यावं.

आईने काय करायचं? एका बाजूला पोटाचा प्रश्न अगदी उघडा. डोंगरात काम नाही, गृहयुद्धाने उरलंसुरलं खाल्लं, मुलगा पंधरा-सोळाचा. दुसऱ्या बाजूला शेजारच्या बाईची नजर, चर्चमधली कुजबुज आणि टेकडीवरची कबर. काही आयांनी ठाम नकार दिला. काहींनी मुलांना पाठवलं. दोन्ही निर्णय मला समजतात. गेलेल्या मुलांना वर्कशॉपमध्ये युद्धावरून आलेले शिक्षक भेटणार हे उघड होतं.

इथे एक गोष्ट जमली, जी नंतर सरकारांना जमली नाही. श्राम बाईंनी ही मदत भरपाई म्हणून खपवली नाही आणि आयांनीही ती तशी घेतली नाही. शिकायला घेतलं म्हणजे हिशेब मिटला, असं कोणी लिहून दिलं नाही. बॉनच्या पश्चिम जर्मन सरकारला नेमकी हीच भीती होती. एका गावाला काही दिलं की दुसरं गाव मागेल, आणि मग दाखला पडेल. त्यामुळे सरकारी मदत हात आखडून येत राहिली आणि बाईंना खाजगी देणगीदार, चर्च, ओळखी यांच्यावर भिस्त ठेवावी लागली.

हिशेब

शिक्षेचा हिशेब थोडक्यात सांगता येतो. फॉन ल सुइर सोव्हिएत कैदेत 1954 मध्ये मेला, पण कलाव्रितासाठी नव्हे. त्याच्या वरच्या कोअरचा प्रमुख हेल्मुट फेल्मी याला न्युरेंबर्गच्या ओलीस खटल्यात 15 वर्षांची शिक्षा झाली आणि 1951 मध्ये तो सुटला. पश्चिम जर्मनीत तपास सुरू झाले आणि बंद झाले. कलाव्रिताच्या हत्येसाठी तिथे कोणालाही शिक्षा झाली नाही.

ग्रीस सरकारचा वाटाही यात आहे. 1957 मध्ये थेसालोनिकीतल्या ज्यूंच्या लुटीत हात असलेला जर्मन अधिकारी माक्स मेर्टन अथेन्समध्ये पकडला गेला, 1959 मध्ये त्याला 25 वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याच वर्षी त्याला सोडून जर्मनीला जाऊ दिलं. ग्रीसला जर्मन कर्ज, जर्मन बाजार आणि तंबाखूची गिऱ्हाइकं हवी होती. मार्च 1960 मध्ये दोन देशांत करार झाला: 115 दशलक्ष मार्क. करारातली भाषा वंश, धर्म किंवा विचारसरणीमुळे छळ झालेल्यांची होती. सूड-कारवाईत मेलेला डोंगरातला शेतकरी या व्याख्येत सरळ बसत नाही. त्याआधीच 1953 च्या लंडन कर्ज कराराने युद्ध-भरपाईचा मोठा प्रश्न अंतिम शांतता कराराच्या दिवसापर्यंत पुढे ढकलला होता. तो दिवस जर्मनीच्या एकीकरणाच्या 1990 च्या कराराने येऊन गेला की नाही, यावरच आज दोन्ही देशांचे वकील भांडतात.

मग वारसच कोर्टात गेले. 1995 मध्ये कलाव्रिताच्या स्थानिक न्यायालयात बळींच्या वंशजांनी जर्मनीविरुद्ध दावा लावला. 1998 मध्ये तो फेटाळला गेला: परक्या सार्वभौम राज्यावर इथे दावा चालत नाही. गंमत म्हणा वा क्रूर थट्टा, पण याच्या आदल्या वर्षीच लिव्हादियाच्या न्यायालयाने दिस्तोमो गावातल्या बळींच्या बाजूने निकाल दिला होता. त्या गावात 10 जून 1944 रोजी 218 माणसं मारली गेली होती. एकच देश, एकच कायदा, आणि निकाल दोन टोकांना. दिस्तोमोचा निकाल 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला. तरी ग्रीक न्यायमंत्र्याने अंमलबजावणीला परवानगी दिली नाही. कलाव्रिताचं अपील पात्रासच्या न्यायालयातून युरोपीय न्यायालयात गेलं. 15 फेब्रुवारी 2007 रोजी तिथे ठरलं की युद्धातली सैन्याची कृत्यं ही राज्याच्या अधिकाराचा वापर असल्याने ती दिवाणी बाब ठरत नाहीत, त्यामुळे युरोपीय दिवाणी अधिकारक्षेत्राचा करार इथे लागू होत नाही. 2012 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही जर्मनीची सार्वभौम मुक्तता उचलून धरली.

यांच्या मधोमध, एप्रिल 2000 मध्ये, जर्मन राष्ट्राध्यक्ष योहानेस राऊ कलाव्रितात आले. दुःख आणि शरम व्यक्त केली. टेकडीवर फुलं वाहिली. गावकऱ्यांनी त्यांचं स्वागत केलं आणि भरपाईची मागणीही तिथेच सोडली नाही.

आज दोनेक हजार वस्तीचं हे गाव बऱ्यापैकी चालतं. दातेरी गाडी दुरुस्त होऊन पर्यटक घेऊन येते. 1988 पासून खेल्मोसवर स्कीइंगचं केंद्र आहे आणि हिवाळ्यात अथेन्सकर कुटुंबं येतात. डोंगरमाथ्यावर 2.3 मीटर व्यासाची आरिस्तार्खोस दुर्बीण आहे. जुनी प्राथमिक शाळा संग्रहालय झाली. आर्थिक सावरणं म्हणून पाहिलं तर यशस्वी. पण ते यश मुख्यतः 1980 नंतरचं, रस्ते आणि युरोपीय निधीमुळे आलेलं आहे. ज्या बायकांनी पहिला हिवाळा काढला त्यांच्यातल्या कित्येकींच्या हयातीत ते आलंच नाही.

दुसरं काय करता आलं असतं

गनिमांच्या बाबतीत माझं मत वर येऊन गेलं. कैदी मारायच्या आधी, निदान मारल्यावर लगेच, पुरुषांना गावाबाहेर काढून ठेवायला हवं होतं. जर्मन तीन-चार दिवस थांबून धीर देतील हे कोणाला ठाऊक नव्हतं, पण ते येतील हे ठाऊक होतं. युद्धात गाव आपल्या पाठीशी घ्यायचं तर गाव रिकामं करायची योजनाही पाठीशी हवी.

शहरवासीयांकडून काही वेगळं व्हायला हवं होतं, असं मला वाटत नाही.

ग्रीक सरकारकडून मात्र वाटतं. 1960 च्या कराराच्या वेळी सूड-कारवाईतल्या गावांसाठी वेगळं कलम मागता आलं असतं. पैसा कमी मिळाला असता, पण व्याख्या झाली असती, आणि पुढच्या पन्नास वर्षांचे खटले वेगळ्या पायावर उभे राहिले असते. मेर्टनला सोडून दिल्यावर अथेन्सकडे दबावाचं फारसं काही उरलं नव्हतं.

जर्मनीच्या बाजूने श्राम बाईंचा मार्ग सरकारला घेता आला असता: मदत आणि भरपाई यांची दोन वेगळी खाती. दाखल्याच्या भीतीने दोन्ही अडकवल्यामुळे शेवटी दाखले न्यायालयांनी पाडले, आणि तेही जर्मनीला नकोशा प्रसिद्धीसह. एप्रिल 2019 मध्ये ग्रीक संसदेने भरपाईची मागणी पुन्हा औपचारिकपणे करायचं ठरवलं. जूनमध्ये तसं पत्र गेलं आणि ऑक्टोबरात बर्लिनने विषय बंद असल्याचं कळवलं.